तिप्पट भरपाई : अमेरिकेंतील मक्तेदारीविरोधी खासगी दाव्यांची कथा

चोर सांपडला, त्याला शिक्षा झाली, दंडाची रक्कम सरकारी खजिन्यांत जमा झाली. पण ज्याचें घर फुटलें त्याच्या पदरांत काय पडलें, हा प्रश्न राज्यकारभाराइतकाच जुना आहे. घरफोडीच्या बाबतींत निदान चोरीचा माल तरी ओळखतां येतो. व्यापारांतील लुटीचें तसें नसतें. पांच कारखानदार एका बंद खोलींत बसतात, यापुढें अमुक किंमतीखालीं माल विकावयाचा नाहीं असें ठरवितात, आणि दुसऱ्या दिवसापासून हजारों गिऱ्हाइकांच्या खिशांतून दर खेपेस चार पैसे जास्त जाऊं लागतात. कोणाचें कुलूप फुटत नाहीं, कोणी आरडाओरड करीत नाहीं. कारण आपण लुटले गेलों हें लुटल्या गेलेल्यास ठाऊकच नसतें. अशा लुटीचा बंदोबस्त एकट्या सरकारनें करावा, कीं ज्याचें नुकसान झालें त्याच्याच हातीं हत्यार द्यावें? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं या प्रश्नाचें जें उत्तर दिलें, तसें उत्तर इतरत्र क्वचितच आढळतें. तेथील मध्यवर्ती न्यायालयांत मक्तेदारीविरुद्धचे जे दावे चालतात, त्यांत सरकारी दाव्यांपेक्षां खासगी दाव्यांचीच संख्या कितीतरी अधिक असते. ही व्यवस्था कशी जन्मास आली, ती चालते कशी, आणि तिच्यांत खोट कोठें आहे, याचा वृत्तांत मोठा उद्बोधक आहे.

या व्यवस्थेचें बीज अमेरिकेंत नसून इंग्लंडांत सांपडतें. राणी एलिझाबेथ हिच्या कारकीर्दींत दरबारच्या मर्जींतील माणसांना निरनिराळ्या जिनसांचे मक्ते बहाल करण्याची चाल बोकाळली होती. खेळण्याच्या पत्त्यांचा मक्ता एडवर्ड डार्सी नांवाच्या दरबारी गृहस्थास मिळाला होता. लंडनच्या थॉमस ॲलन या व्यापाऱ्यानें मक्त्याची पर्वा न करतां पत्ते विकले, म्हणून डार्सीनें त्याच्यावर दावा लावला. १६०२-०३ च्या सुमारास या दाव्याचा निकाल लागला, तो मात्र डार्सीच्या विरुद्ध. मक्त्यामुळें किंमत चढते, मालाची प्रत खालावते आणि कारागिरांच्या तोंडचा घांस जातो, सबब असा मक्ता रद्दबातल होय, असा या निकालाचा मथितार्थ सांगतात. पुढें १६२४ मध्यें पार्लमेंटनें मक्त्यांविरुद्ध कायदाच केला. त्याच्या चौथ्या कलमांत अशी तरतूद होती कीं, बेकायदेशीर मक्त्याच्या जोरावर ज्याला त्रास दिला गेला असेल, त्यानें नुकसानीच्या तिप्पट रक्कम आणि दाव्याच्या खर्चाच्या दुप्पट रक्कम वसूल करावी. ‘तिप्पट’ हा शब्द मक्तेदारीच्या कायद्यांत शिरला तो असा.

अडीचशें वर्षांनंतर तोच रोग अमेरिकेंत निराळ्या रूपानें उद्भवला. १८६५ मध्यें यादवी युद्ध संपल्यावर तेथें आगगाड्यांचें जाळें झपाट्यानें पसरलें. एका गांवच्या कारखान्याचा माल सबंध देशाच्या बाजारांत जाऊं लागला, स्पर्धा तीव्र झाली आणि भाव उतरले. भाव उतरणें हें गिऱ्हाइकाचें सुख तें कारखानदाराचें दुःख. १८८२ मध्यें जॉन डी. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनें या दुःखावर एक तोडगा काढला. निरनिराळ्या कंपन्यांच्या भागीदारांनीं आपापले भाग मूठभर विश्वस्तांच्या स्वाधीन करावयाचे, आणि त्यांच्या बदल्यांत नफ्याचा वांटा मिळण्यापुरते दाखले घ्यावयाचे. बाहेरून पाहणाऱ्यास कंपन्या अनेक दिसत. कारभार मात्र एकाच मंडळाच्या हातीं. खनिज तेलाचें पाहून साखर, दारू, सरकीचें तेल या धंद्यांतही असेच ‘ट्रस्ट’ निघाले. ज्या शब्दाचा मूळ अर्थ विश्वास, तोच शब्द पश्चिमेकडील शेतकऱ्याच्या व लहान व्यापाऱ्याच्या तोंडीं शिवीसारखा येऊं लागला, आणि या संघांना आळा घालणाऱ्या कायद्यास ‘अँटिट्रस्ट’ हें नांव पडलें.

ओहायो संस्थानचे सिनेटर जॉन शर्मन यांच्या नांवानें ओळखला जाणारा हा कायदा सिनेटमध्यें ५१ विरुद्ध १ आणि प्रतिनिधिगृहांत २४२ विरुद्ध शून्य अशा मतांनीं संमत झाला. अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनीं २ जुलै १८९० रोजीं त्यावर सही केली. पहिल्या कलमानें व्यापारास अटकाव करणारे करार व कट बेकायदेशीर ठरविले. दुसऱ्या कलमानें मक्तेदारी बळकावणें हा गुन्हा ठरविला. खटला भरण्याचा व मनाई-हुकूम मिळविण्याचा अधिकार सरकारला दिला. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें खरें महत्त्व सातव्या कलमाला आहे. या कायद्याविरुद्ध केलेल्या कृत्यामुळें ज्याच्या धंद्यास अथवा मालमत्तेस इजा पोंचली असेल अशा कोणाही इसमानें मध्यवर्ती सरकारच्या न्यायालयांत दावा लावावा, आणि नुकसानीच्या तिप्पट रक्कम, दाव्याचा खर्च व वकिलाची वाजवी फी प्रतिवादीकडून वसूल करावी, असें तें कलम सांगतें. शर्मन यांच्या मूळ मसुद्यांत दुप्पट भरपाई होती. विधेयक समितीकडून परत आलें तेव्हां तिची तिप्पट झाली होती.

नुकसान शंभराचें आणि वसुली तीनशांची, हा न्याय कोणता, असें सहज मनांत येतें. त्याचा हिशेब असा आहे. भाव वाढविण्याचे कट गुप्त असतात; दहांपैकीं कांहींच उघडकीस येतात. उघडकीस आलेल्या प्रत्येक कटाबद्दल फक्त घेतलेलेच पैसे परत करावयाचे असतील, तर कट करणाऱ्याचें कधींच कांहीं बिघडत नाहीं. सांपडला तर परत द्यावयाचें, न सांपडला तर नफा. शिवाय लहान व्यापाऱ्यानें बलाढ्य कंपनीशीं वर्षानुवर्षें झगडावें, तर त्याला त्या श्रमाचें व धोक्याचें कांहीं फळ दिसलें पाहिजे. तिप्पट भरपाई म्हणजे तिहींपैकीं एक हिस्सा न्याय, एक हिस्सा शिक्षा आणि एक हिस्सा आमिष, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

हें आमिष प्रथम कोणी फारसें घेतलें नाहीं. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या आरंभींच्या दाव्यांपैकीं एक कॅलिफोर्नियांतील लाद्यांच्या व्यापाऱ्यांचा आहे. तेथील व्यापाऱ्यांनीं व बाहेरच्या संस्थानांतील कारखानदारांनीं मिळून एक संघ काढला होता. निदान ३,००० डॉलरच्या लाद्या ज्याच्या दुकानीं शिलकेंत असतील त्यालाच संघांत प्रवेश. कारखानदारांनीं संघाबाहेरच्यास माल विकावयाचा नाहीं, आणि संघांतील व्यापाऱ्यानें बाहेरच्यास विकलाच तर छापील दरानें. आणि तो दर सभासदांच्या दराहून निम्म्यानें अधिक. संघाबाहेर राहिलेल्या लौरी नांवाच्या पेढीनें दावा लावला. ज्यूरीनें नुकसान ५०० डॉलरचें ठरविलें, न्यायाधीशानें त्याचे १,५०० केले, आणि १९०४ मध्यें सुप्रीम कोर्टानें निकाल कायम केला. रक्कम क्षुल्लक होती. परंतु सातवें कलम शोभेचें नाहीं, हें त्यामुळें सिद्ध झालें.

दोन वर्षांनीं अटलांटा शहराचा दावा निकालास आला. त्याची हकीकत कोणत्याही नगरपालिकेच्या सभासदानें वाचण्यासारखी आहे. पाण्याचे बिडाचे नळ करणाऱ्या सहा कंपन्यांनीं आपसांत संगनमत केलें होतें. कांहीं शहरें त्यांनीं एकेका कंपनीस वांटून दिलीं होतीं. बाकीच्या शहरांचीं कामें कोणीं घ्यावयाचीं, याचा आपसांतच गुप्त लिलाव होई. जिच्या वांट्यास काम आलें तिनें ठरलेल्या भावाचें टेंडर भरावयाचें. इतरांनीं त्याहून चढ्या भावाचीं टेंडरें देखाव्यासाठीं पाठवावयाचीं. शहरास वाटे, स्पर्धा चालू आहे! सरकारनें या कंपन्यांवर दावा करून १८९९ मध्यें सुप्रीम कोर्टांतही जय मिळविला. पण त्या निकालानें कट मोडला, शहराचे पैसे परत आले नाहींत. म्हणून अटलांटानें स्वतः दावा लावला. कंपन्यांनीं हरकत घेतली कीं, शहराच्या मालमत्तेस इजा झालीच कोठें? त्यास नळ मिळाले आहेत. १९०६ च्या निकालांत न्यायमूर्ति होम्स यांनीं सांगितलें कीं, नळाच्या वाजवी किंमतीहून जास्त पैसे द्यावे लागले, तेवढ्यानें शहराची मालमत्ता कमी झाली, आणि शहर हेंही कायद्याच्या दृष्टीनें ‘इसम’च होय. गिऱ्हाइकाला दाव्याचा हक्क आहे, हें तत्त्व येथें पक्कें झालें.

पण हत्यार ज्याच्या हातीं पडेल त्याचें असतें. ज्या गरिबांच्या कैवारासाठीं कायदा झाला असें लोक समजत होते, त्यांच्याच मानेवर तें उलटलें. कनेक्टिकट संस्थानांत डॅनबरी हें टोप्या करणाऱ्या कारखान्यांचें गांव. तेथील डीट्रिख लो यानें आपल्या कारखान्यांत कामगारसंघाची मान्यता नाकारली. तेव्हां संघानें देशभर त्याच्या टोप्यांवर बहिष्कार पुकारला. १९०३ मध्यें लो यानें संघाच्या सुमारें २४० सभासदांवर व्यक्तिशः दावा लावला आणि त्यांचीं राहतीं घरें व बँकेंतील शिल्लक यांवर जप्ती आणविली. बहिष्कार हाही व्यापारास अटकावच होय, असें सुप्रीम कोर्टानें १९०८ मध्यें ठरविलें. ज्यूरीचे ८०,००० डॉलर तिप्पट होऊन खर्चासह सुमारें २,५२,००० डॉलरांचा हुकूमनामा झाला व १९१५ मध्यें तो कायम झाला. ज्यांनीं जन्मभर टोप्या शिवून एक घर बांधलें, त्यांच्या डोक्यावरचें छप्पर जाण्याची वेळ आली. कामगार महासंघानें १९१६ मध्यें देशांतील कामगारांना एका तासाची मजुरी या कर्जासाठीं देण्याची विनंती केली, आणि १९१७ मध्यें सुमारें २,३४,००० डॉलरांवर तडजोड झाली. या चौदा वर्षांच्या प्रकरणानें तिप्पट भरपाईची धार किती तीक्ष्ण आहे हें सर्वांस कळून चुकलें.

दरम्यान १९१४ मध्यें क्लेटन कायदा झाला. मनुष्याचे श्रम ही विक्रीची जिन्नस नव्हे, असें त्याच्या एका कलमांत म्हटलें होतें. तथापि न्यायालयांनीं बरींच वर्षें तें संकुचित अर्थानेंच वाचलें, आणि १९३२ चा निराळा कायदा व १९४१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यांच्यानंतरच कामगारसंघांची खरी सुटका झाली. खासगी दाव्यांस मात्र क्लेटन कायद्यानें लागलीच बळ दिलें. तिप्पट भरपाईचें कलम त्यांत पुन्हां घालून अधिक व्यापक केलें. खासगी इसमासही मनाई-हुकूम मागण्याचा हक्क दिला. आणि सरकारी दाव्यांत कंपनीचा दोष सिद्ध झाला तर तो निकाल खासगी दाव्यांत सकृद्दर्शनीं पुरावा धरावा, असें ठरविलें. सरकारनें जें मोठ्या खर्चानें सिद्ध केलें, तेंच गरीब फिर्यादीनें पुन्हां पहिल्यापासून सिद्ध करीत बसूं नये, हा अध्यक्ष विल्सन यांचा आग्रह होता. यांत एक पळवाट मात्र राहिली. साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वींच कंपनीनें सरकारशीं समेट करून हुकूमनामा पत्करला, तर तो फिर्यादीच्या उपयोगीं पडत नाहीं. त्यामुळें कंपन्या सरकारपुढें लौकर वांकतात. तें केवळ पश्चात्तापामुळें असतेंच असें नाहीं.

आतां असा दावा प्रत्यक्ष चालतो कसा तें पाहावें. फिर्यादीस तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: कायदा मोडला गेला, त्या मोडण्यामुळेंच आपल्या धंद्यास वा मालमत्तेस इजा झाली, आणि ती इजा अमुक रकमेची आहे. दाव्याची मुदत चार वर्षांची, हें १९५५ मध्यें ठरलें. सरकारी खटला चालू असेपर्यंत व त्यानंतर एक वर्ष ती थांबून राहते. दावा दाखल झाल्यावर खरी लढाई कोर्टाच्या दिवाणखान्यांत नव्हे, तर कागदांच्या ढिगांत होते. १९३८ मध्यें लागू झालेल्या नियमांप्रमाणें एका पक्षास दुसऱ्या पक्षाचीं दप्तरें मागवितां येतात व त्याच्या नोकरांच्या जबान्या सुनावणीपूर्वींच शपथेवर घेतां येतात. गुप्त बैठकीची एखादी चिठ्ठी, दोन कारखान्यांचे एकाच दिवशीं छापलेले एकाच दराचे तक्ते, असा पुरावा बहुधा प्रतिवादीच्याच कपाटांतून निघतो. ही सोय नसती तर तिप्पट भरपाईचें कलम कागदावरच राहिलें असतें.

पैशाची व्यवस्थाही ध्यानांत घेण्यासारखी आहे. फिर्यादी जिंकला तर त्याच्या वकिलाची फी प्रतिवादीनें द्यावयाची. फिर्यादी हरला तर मात्र त्याला प्रतिवादीच्या वकिलाची फी द्यावी लागत नाहीं. शिवाय तेथें वकील बहुधा निकालावर हिस्सा ठरवून काम घेतात. म्हणून रिकाम्या हाताच्या फिर्यादीसही वकील मिळूं शकतो. कटांतील प्रत्येकजण सगळ्या नुकसानीस जबाबदार असतो, आणि एकानें सर्व रक्कम भरली तरी त्यास इतरांकडून वांटा मागतां येत नाहीं, असें १९८१ मध्यें सुप्रीम कोर्टानें ठरविलें. समजा, पांच कंपन्यांच्या कटानें दहा लक्षांचें नुकसान झालें. तिप्पट झाले तीस लक्ष. पहिल्या कंपनीनें दोन लक्ष देऊन समेट केला, तर उरलेल्या अठ्ठावीस लक्षांचा बोजा चौघींच्या माथीं. दुसरीनेंही समेट केला कीं तिघींच्या. शेवटीं राहील तिचें दिवाळें निघावयाची पाळी. म्हणून समेटाच्या दाराशीं पहिला नंबर लावण्यासाठीं कंपन्यांत धांवपळ उडते, आणि पुष्कळ दावे निकालापर्यंत जातच नाहींत.

नुकसानीची रक्कम सिद्ध करणें ही सर्वांत अवघड गोष्ट. कट नसता तर भाव काय राहिला असता, हें कोणी पाहिलें आहे? शिकागो शहरांतील जॅक्सन पार्क या चित्रपटगृहाच्या मालकांपुढें हाच पेंच होता. चित्रपट वितरित करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीं आपल्या मालकीच्या थिएटरांना नवे बोलपट आधीं द्यावयाचे, आणि स्वतंत्र थिएटरांना ते शिळे झाल्यावर द्यावयाचे, अशी सांखळी बांधली होती. नवे बोलपट वेळेवर मिळते तर प्रेक्षक किती आले असते, हें काटेकोर सांगणें अशक्य होतें. १९४६ मध्यें सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं, ज्याच्या दुष्कृत्यामुळें ही अनिश्चितता निर्माण झाली, तिचा तोटा त्यानेंच सोसला पाहिजे. वाजवी अंदाज करण्यापुरता पुरावा असला म्हणजे पुरे. ज्यूरीनें ठरविलेले १,२०,००० डॉलर तिप्पट होऊन ३,६०,००० झाले.

या यंत्राचें पूर्ण सामर्थ्य दिसलें तें १९६१ नंतर. विजेचीं जनित्रें, रोहित्रें वगैरे अवजड सामान करणाऱ्या कारखानदारांनीं वर्षानुवर्षें टेंडरें वांटून घेतलीं होतीं. चंद्राच्या कलांप्रमाणें पाळी बदलण्याचा तक्ताही त्यांनीं बनविला होता. टेनेसी खोऱ्याच्या सरकारी योजनेस निरनिराळ्या कारखान्यांकडून हुबेहूब सारख्या किंमतींचीं टेंडरें आलीं, आणि संशयास वाचा फुटली. फेब्रुवारी १९६१ मध्यें फिलाडेल्फियाच्या न्यायालयानें २९ कंपन्या व अनेक अधिकारी यांना मिळून सुमारें १९ लक्ष डॉलर दंड केला, आणि सात अधिकाऱ्यांना तीस तीस दिवस तुरुंगांत पाठविलें. दंड कंपन्यांना मुळींच जड नव्हता. परंतु त्यामागून वीजपुरवठा करणाऱ्या कंपन्या व नगरपालिका यांनीं १,८०० हून अधिक दावे लावले, आणि समेटांत कंपन्यांना जें द्यावें लागलें त्यापुढें सरकारी दंड कांहींच नव्हता. इतके दावे देशभरच्या न्यायालयांत एकाच वेळीं चालविण्यासाठीं न्यायाधीशांना खास समिति नेमावी लागली, आणि त्या अनुभवावरून १९६८ मध्यें अनेक प्रांतांतील सारख्या दाव्यांची एकत्र व्यवस्था लावणारा कायदा झाला.

मोठ्या गिऱ्हाइकाचें असें भागलें. पण दुकानांतून चार आण्यांची वस्तु घेणाऱ्याचें काय? १९६६ मध्यें दुरुस्त झालेल्या नियमांनीं एका गिऱ्हाइकानें हजारोंच्या वतीनें दावा लावण्याची वाट मोकळी केली, आणि १९७६ च्या कायद्यानें संस्थानाच्या मुख्य सरकारी वकिलास रयतेचा पालक या नात्यानें दावा करण्याचा अधिकार दिला. तथापि दुसऱ्या बाजूनें एक मोठी भिंत उभी राहिली. १९६८ मध्यें जोड्यांच्या कारखान्याच्या एका दाव्यांत सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, फिर्यादीनें वाढीव किंमत पुढें आपल्या गिऱ्हाइकांवर लादली, ही सबब प्रतिवादीस चालणार नाहीं. मग १९७७ मध्यें इलिनॉय संस्थानाच्या दाव्यांत त्याचीच दुसरी बाजू पुढें आली. कॉंक्रीटचे ठोकळे करणाऱ्यांनीं भाव चढविले. ते ठोकळे कंत्राटदारांनीं घेतले. इमारती संस्थानानें घेतल्या. मधल्या कंत्राटदाराला ओलांडून दावा लावण्याचा हक्क संस्थानाला नाहीं, असा निकाल झाला. नाहीं तर एकाच नुकसानीची दोनदां वसुली होईल, आणि कोणावर किती बोजा पडला याच्या हिशेबांत न्यायालय बुडून जाईल, असें त्याचें कारण. तर्क बिनतोड; पण परिणाम असा कीं, ज्याच्या खिशांतून शेवटीं पैसा जातो त्यालाच मध्यवर्ती कायद्याखालीं भरपाई नाहीं. या अन्यायावर उपाय म्हणून निम्म्याहून अधिक संस्थानांनीं आपापल्या कायद्यांत अशा गिऱ्हाइकांस दार उघडलें आहे. मध्यवर्ती नियम अजून कायम असला, तरी २०१९ मध्यें ॲपल कंपनीच्या दाव्यांत सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं, जो थेट कंपनीच्या दुकानांतून घेतो, तो तिचें थेट गिऱ्हाईकच होय.

या कथेंत हिंदुस्थानचेंही एक प्रकरण आहे. टेट्रासायक्लिनसारख्या जंतुनाशक औषधांच्या भावांत फायझर आदिकरून अमेरिकन कंपन्यांनीं संगनमत केलें, अशा आरोपावरून भारत सरकारनें अमेरिकेच्याच न्यायालयांत तिप्पट भरपाईचा दावा लावला. इराण व फिलिपाइन्स हींही सरकारें त्याच वाटेनें आलीं. कंपन्यांनीं हरकत घेतली कीं, परकीय राज्य हें कायद्यांतला ‘इसम’ नव्हे. ११ जानेवारी १९७८ रोजीं सुप्रीम कोर्टानें पांच विरुद्ध तीन मतांनीं ती हरकत फेटाळली. न्यायमूर्ति स्टुअर्ट यांच्या निकालांतील एक विचार विशेष मार्मिक आहे: परदेशांत उकळलेला पैसा जर सुरक्षित राहत असेल, तर त्या नफ्याच्या भरंवशावर कंपन्या स्वदेशांतही कट करण्यास धजतील; म्हणून परक्याला न्याय देण्यांत अमेरिकन गिऱ्हाइकाचेंही रक्षण आहे. हा निकाल फक्त दाव्याच्या हक्कापुरता होता; आरोप खरे कीं खोटे याचा निवाडा त्यांत नव्हता. कांग्रेसला मात्र हें औदार्य फार वाटलें. १९८२ मध्यें कायदा दुरुस्त होऊन परकीय सरकारांना सामान्यतः प्रत्यक्ष नुकसानीपुरतीच भरपाई मिळेल असें ठरलें. स्वतः हिंदुस्थानानें २००२ च्या स्पर्धा कायद्यांत पुढें दुरुस्ती करून भरपाईची सोय केली आहे. परंतु ती तिप्पट नाहीं, आणि आधीं सरकारी आयोगानें अथवा त्यावरील न्यायाधिकरणानें दोष ठरविल्यावर मग अपील न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाचा, असा तिचा क्रम आहे.

अमेरिकेंत १९७७ पासून वारा थोडा उलट दिशेनें वाहूं लागला. त्या वर्षीं चेंडूनें दांडकीं पाडण्याच्या खेळाच्या जागांसंबंधीं एका दाव्यांत सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं, प्रतिस्पर्धी टिकून राहिल्यामुळें आपला नफा बुडाला, ही कायद्यानें भरून द्यावयाची इजा नव्हे. कायदा स्पर्धेचें रक्षण करतो, स्पर्धकाचें नव्हे. २००७ मध्यें टेलिफोन कंपन्यांच्या दाव्यांत असें ठरलें कीं, सर्वजण सारखें वागतात एवढेंच म्हणून भागणार नाहीं. करार झाल्याचें संभवनीय दिसेल इतकी हकीकत दाव्याच्या अर्जांतच पाहिजे. पण ती हकीकत प्रतिवादीच्या कपाटांत, आणि कपाट उघडतें अर्ज टिकला तर! २०१३ मध्यें अमेरिकन एक्सप्रेसविरुद्ध लहान व्यापाऱ्यांनीं लावलेल्या दाव्यांत छापील करारांतील लवादाचें कलम उचलून धरलें गेलें, आणि एकत्र दावा करण्याची वाट त्यांना बंद झाली. मग एकेकट्यास तज्ज्ञाचा खर्चच मिळावयाच्या रकमेहून अधिक.

या कडक धोरणाच्या मागें केवळ धनिकांचा पक्षपात आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. तिप्पट रकमेच्या व प्रचंड खर्चाच्या भीतीनें निर्दोष कंपनीही समेट करते, हें खोटें नाहीं. हजारोंच्या वतीनें लावलेल्या दाव्यांत वकिलास लक्षावधि आणि गिऱ्हाइकास कवडीमोल मिळाल्याचीं उदाहरणेंही आहेत. हरलेला स्पर्धक बाजारांत जें जमलें नाहीं तें कोर्टांत साधूं पाहतो, हीही नित्याची तक्रार. परंतु दुसऱ्या पारड्यांत काय आहे तें विसरतां कामा नये. सरकार बदलतें, सरकारी वकिलाची इच्छा बदलते. एखाद्या राजवटींत मोठ्या कंपन्यांकडे कानाडोळाही होतो. ज्याचा खिसा कापला गेला त्याची इच्छा मात्र राजवटीबरोबर बदलत नाहीं. लाद्यांचा दुकानदार, पाणी पुरविणारें शहर, उपनगरांतील थिएटरवाला यांना सरकारच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाहीं, हेंच त्या जुन्या सातव्या कलमाचें मर्म. हत्यार दुधारी आहे, हें डॅनबरीच्या कामगारांनीं आपलीं घरें पणाला लावून सर्वांस दाखविलें. तेव्हां कायदा करणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न हत्यार असावें कीं नसावें हा नसून, तें कोणाच्या हातीं, किती धारेचें द्यावें हा आहे. आणि सव्वाशेंहून अधिक वर्षें उलटलीं तरी अमेरिकेचीं न्यायालयें व कायदेमंडळ ती धार कधीं लावीत, कधीं बोथट करीत आहेत.